सासूबाईंचा दुसरा डोस आणि तोंडावर आलेली चवथ

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका सुनेचं पत्र आलंय. थोडं आटोपशीर करून देतो:

"सासूबाई ५८ वर्षांच्या. मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, आता बांबोळीच्या हॉस्पिटलात केमो सुरू आहे. दर २१ दिवसांनी लाल औषध आणि सोबत दुसरं एक, असे चार डोस. पहिला डोस होऊन पंधरा दिवस झाले, दुसरा सहा दिवसांनी आहे. पहिल्या रात्री काहीच झालं नाही, म्हणून उलटीच्या गोळ्या जपून ठेवल्या. तिसऱ्या दिवशी उलट्यांनी हैराण झाल्या. आठव्या दिवशी तोंड आलं. दहाव्या दिवशी ताप १००.६ होता. क्रोसिन दिली, उतरला, म्हणून हॉस्पिटलात गेलो नाही. आता केस पुंजक्यांनी हातात येतात आणि त्या म्हणतात, 'मला पुढचा डोस नको.' मला पाचवा महिना आहे. उलटीची बादली, कपडे मीच धुते. नवरा वेर्ण्याला शिफ्टला जातो. मामंजी नुसते सोप्यावर (ओसरीवर) बसून असतात. आत्याबाई किराईत आणि गुळवेलीचा काढा द्या म्हणतात. नणंद डिचोलीहून रोज फोन करते, 'काही लागलं तर सांग.' चवथ (गणेश चतुर्थी) पाच आठवड्यांवर आली. आमच्या मूळ घरात पाच दिवसांचा गणपती, पंचवीस माणसं. कुठून सुरुवात करू?"

ताई, सुरुवात तापापासून करू. तुमच्या पत्रात सर्वात धोक्याचं वाक्य तेच आहे आणि ते तुम्ही जाता जाता लिहिलंय.

केमो वेगाने वाढणाऱ्या पेशींवर चालते. कॅन्सरच्या पेशी तशा असतात. पण अस्थिमज्जा, तोंडाची आणि आतड्यांची आतली त्वचा, केसांची मुळं यांतल्या पेशीही तशाच असतात. पांढऱ्या पेशी डोसानंतर आठवडाभराने उतरू लागतात, साधारण दहाव्या ते चौदाव्या दिवशी तळाला जातात आणि पुढच्या डोसाच्या तारखेपर्यंत वर येतात. डोस २१ दिवसांनी असतो तो म्हणूनच. तळाच्या दिवसांत शरीरात जंतूंशी लढायला फौजच नसते. जखम झाली तर पू धरत नाही, घसा लाल होत नाही, कफ येत नाही. रोगाची बाकी सगळी लक्षणं गप्प असतात, एकटा ताप बोलतो. त्याला क्रोसिन देऊन गप्प केलं तर आत काय चाललंय हे कळायला काही उरत नाही, आणि काही तासांत रक्तदाब कोसळू शकतो. या खेपेला निभावलं. पुढच्या खेपेला हा जुगार नको.

तेव्हा नियम एकच. १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप दिसला की, रात्रीचे दोन वाजलेले असोत, आधी हॉस्पिटलला फोन आणि मग निघायचं. गोळी डॉक्टरांनी सांगितल्यावरच. ताप नाही पण हुडहुडी भरली, तरी हाच नियम. साधा डिजिटल थर्मामीटर घ्या, काचेचा नको. गरम पेज किंवा चहा प्यायल्यावर पंधरा-वीस मिनिटं थांबून जिभेखाली मोजा. तोंड आलेलं असेल तर काखेत मोजा. पण काखेतला आकडा अर्धा ते एक अंश कमी दिसतो, म्हणून तिथे ९९.५ च्या वर गेला की फोन. गुदद्वारात थर्मामीटर, एनिमा, सपोझिटरी यांतलं काहीच या दिवसांत नको. तिथली नाजूक त्वचा खरचटली की जंतू सरळ रक्तात जातात.

वाळपईच्या बाजूने बांबोळी गाठायला दिवसा सव्वा-दीड तास लागतो, पावसात जास्तच. गाडी हाताशी नसेल तर शेजाऱ्याची शोधत बसू नका, १०८ ला फोन करा. कॅज्युअल्टीत पोचल्यावर "ताप आलाय" एवढंच सांगितलंत तर तापाच्या रांगेत बसावं लागेल. पहिलं वाक्य असं हवं: "केमोथेरपी चालू आहे, अमुक तारखेला डोस झाला, आज दहावा दिवस, ताप १००.६." हे ऐकलं की तिथले डॉक्टर रक्त तपासायला पाठवून निकालाची वाट न बघता सलाइनमधून अँटिबायोटिक सुरू करतात. पहिल्या तासाभरात ते मिळावं, असा वैद्यकातला दंडक आहे. हेच वाक्य पोस्टकार्डाएवढ्या कागदावर लिहा. खाली औषधांची नावं, मधुमेहाच्या गोळ्या, अॅलर्जी आणि ऑपरेशन कुठल्या बाजूचं हेही लिहा. त्या बाजूच्या हाताला सुई किंवा रक्तदाबाचा पट्टा शक्यतो लावू द्यायचा नाही. कागद फाइलच्या पहिल्या प्लास्टिकमध्ये ठेवा. घाईत तुमच्या मदतीला तोच येईल.

दहाव्या दिवशीचा ताप दुसऱ्या डोसाआधी डॉक्टरांना सांगायचाच आहे. ओरडतील म्हणून लपवू नका. तो कळला तर ते पांढऱ्या पेशी वाढवणारं इंजेक्शन जोडायचं का ते ठरवतील. हे इंजेक्शन केमोनंतर चोवीस तास उलटल्यावर टोचतात, म्हणून त्यासाठी पुन्हा फेरी पडू नये. वाळपईच्या आरोग्य केंद्रात टोचून घेता येईल का ते विचारा आणि तशी चिठ्ठी मागून घ्या. इंजेक्शन फ्रीजच्या मधल्या कप्प्यात, फ्रीझरमध्ये अजिबात नाही. प्रवासात बर्फाची पिशवी त्याला थेट टेकू देऊ नका. एकदा गोठलं की ते वाया गेलं. टोचल्यावर दोन-तीन दिवस कंबर आणि मांड्यांची हाडं ठणकतात, कारण मज्जा जोराने कामाला लागलेली असते. त्या दुखण्यावर पॅरासिटामॉल देण्याआधी ताप मोजून लिहून ठेवा.

आता उलट्या. गोळ्या "जपून ठेवल्या", इथेच गाडी घसरली, आणि ही चूक घरोघर होते. लाल औषध म्हणजे डॉक्सोरुबिसिन आणि सोबतचं बहुधा सायक्लोफॉस्फामाइड. ही जोडी उलटी आणणाऱ्या केमोंमध्ये वरच्या गटात मोडते. तिच्या उलट्या दोन लाटांनी येतात. पहिली लाट त्याच दिवशी. ती सलाइनमधल्या ऑन्डान्सेट्रॉनसारख्या औषधांनी बहुतेक अडते, म्हणून पहिली रात्र शांत गेली. दुसरी लाट दुसऱ्या ते पाचव्या दिवसात येते आणि तिचा मेंदूतला रस्ता वेगळा असतो. तिच्यासाठी अॅप्रेपिटंट, डेक्सामेथासोन, ओलान्झापिन अशा गोळ्या घरी देतात. उलटी सुरू झाल्यावर या गोळ्यांचा जोर अर्धाही राहत नाही, कारण मुळात पोटात टिकायलाच हव्यात ना. चिठ्ठीवर जितके दिवस लिहिलेत तितके दिवस, घड्याळ लावून, मळमळ असो-नसो, द्यायच्या.

ओलान्झापिनच्या डबीतलं पत्रक कोणी वाचलं तर घरात गोंधळ होईल, कारण त्यात मनोविकारांची नावं असतात. हेच औषध कमी मात्रेत मळमळीवर फार चांगलं चालतं. मात्र झोप येते, म्हणून रात्री द्यायचं आणि त्या रात्री सासूबाईंना एकट्याने न्हाणीघरात जाऊ द्यायचं नाही. डेक्सामेथासोन सकाळी, काही खाल्ल्यावर. संध्याकाळी दिलं तर रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही. त्याने दोन-तीन दिवस साखर चढते, ओलान्झापिननेही चढू शकते. ग्लुकोमीटर असेल तर उपाशीपोटी आणि दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी मोजून लिहा. उलटं संकट असं की उलट्यांनी जेवण गेलंच नाही आणि साखरेची गोळी मात्र नेहमीसारखी दिली, तर साखर एकदम खाली येऊ शकते. "जेवल्या नाहीत तर साखरेची गोळी द्यायची का?" हा प्रश्न याच भेटीत विचारून उत्तर लिहून घ्या.

ऑन्डान्सेट्रॉनने शौचाला खडा होतो. चार दिवस वाट बघू नका. दुसऱ्या दिवशीच डॉक्टरांनी सांगितलेलं लॅक्टुलोजसारखं सिरप सुरू करा. इसबगोल पाणी भरपूर जात असेल तरच, नाहीतर ते आत घट्ट बसतं. गोळी घेतल्यावर अर्ध्या तासात उलटी झाली आणि त्यात गोळी दिसली तर पुन्हा द्यायची का ते फोनवर विचारा. बारा तास पाण्याचा घोटही टिकत नसेल तर घरी बसू नका, सलाइन लागेल.

पाणी हवंच. सायक्लोफॉस्फामाइडचे उरलेले अंश लघवीच्या पिशवीत साचून तिथलं अस्तर जाळतात. डोसाच्या दिवशी आणि नंतरचे दोन दिवस रोज दोन ते अडीच लिटर पेय पोटात जावं, दर दोन तासांनी लघवीला उठावं, झोपण्याआधी तर नक्कीच. (हृदय किंवा मूत्रपिंडाचं दुखणं असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारा.) पहिल्या एक-दोन दिवसांत लघवी लालसर-केशरी दिसते. तो औषधाचा रंग, घाबरू नका. तिसऱ्या दिवसानंतर लाल दिसली किंवा जळजळली, तर ते रक्त असू शकतं, फोन करा. विहिरीचं वा झरीचं पाणी खळखळून उकळून गार केलेलंच प्यायला द्या. पावसाळ्यात विहिरी वरून भरतात तेव्हा तर उकळल्याशिवाय नाहीच.

पाचव्या महिन्यात बादली तुम्ही उचलता हे वाचून आम्ही थांबलो. केमोनंतर निदान ४८ तास औषध लघवी, शौच, उलटी आणि घामातून बाहेर पडत असतं. गरोदर बाईने त्या काळात यातल्या कशालाही हात लावू नये, हातमोजे घालूनही शक्यतो नको. ते काम तुमच्या यजमानांचं. त्यांनी डोसाच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी रजा टाकावी किंवा शिफ्ट बदलून घ्यावी. रबरी हातमोजे घालावेत. बादलीत प्लास्टिकची पिशवी पसरावी, उलटी शौचकुपात ओतावी, पिशवीला गाठ मारून दुसऱ्या पिशवीत घालावी. झाकण असेल तर पाडून दोनदा फ्लश करावं. भारतीय पद्धतीचं असेल तर बादलीभर पाणी खाली वाकून, शिंतोडे न उडवता, सावकाश ओतावं. माखलेले कपडे घरच्या इतर कपड्यांत न मिसळता आधी वेगळे धुवावेत, मग हवं तर दुसऱ्यांदा नेहमीसारखे. हातमोजे काढल्यावर साबणाने हात. एवढंच.

यातून कुणी "सासूबाईंना शिवायचं नाही" असा अर्थ काढील, तर ते साफ चूक. कॅन्सर संसर्गाने पसरत नाही. त्यांच्या शेजारी बसा, डोकं चेपून द्या, मिठी मारा, एका पंगतीला जेवा. घरातल्या मुलांना जवळ जाऊ द्या. अट एकच, मूल शिंकत-खोकत नसावं आणि शाळेत कांजिण्यांची साथ नसावी.

जेवणाकडे वळतो. पहिले चार दिवस पोषणाचा हिशोब सोडून द्या, पोटात काहीतरी टिकणं महत्त्वाचं. उकड्या तांदळाची पेज यासाठी बांधूनच दिलेली आहे: मूठभर तांदूळ, सहा-सात वाट्या पाणी, कुकरला पाच-सहा शिट्या, चवीला मीठ. वरची निवळ आधी द्या, शितं नंतर. एका वेळी अर्धी वाटी, पण दर दोन तासांनी. कढत देऊ नका, कोमट द्या, कारण वाफेबरोबर वास येतो आणि मळमळ वासावर चालते. सुकं बांगडं भाजणं, सुंगटांची किसमूर, कांद्याची फोडणी हे सगळं त्या दिवसांत बंद किंवा मागीलदारी चुलीवर. सकाळची पेज संध्याकाळी द्यायची नाही. दमट हवेत ती चार तासांत आंबते, आणि शिळ्या पेजेची चव कितीही आवडती असली तरी केमो संपेपर्यंत तिला रजा.

एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. आवडीचा पदार्थ मळमळीच्या दिवसांत वाढू नका. सासूबाईंना हुमण (माशाची आमटी) जिवापाड आवडत असेल आणि "तेवढं तरी जाईल" म्हणून तिसऱ्या दिवशी दिलंत, तर मेंदू त्या मळमळीची गाठ हुमणाशी मारतो आणि पुढे महिनोन्‌महिने त्याचा वासही नको होतो. आवडीचं सहाव्या-सातव्या दिवसापासून द्या. तेव्हा भूक परतते, आणि झीज भरून काढायला प्रथिनं हवीत ती याच दिवसांत: पूर्ण शिजलेलं अंडं, मुगाचं कढण, कुळथाची पिठी, मुडदुशी किंवा लेपो अशी मऊ, ताजी मासळी कमी तिखटात. नाचणीचं तिजान चांगलं, पण मधुमेह आहे तेव्हा गूळ टाळून ताकात मिठाचं करा. तिसऱ्या, शिनाण्यो, कालवं अशी शिंपल्यातली मासळी नको. ती पाण्यातले जंतू गाळून साठवतात आणि आपण ती जेमतेम वाफवतो. कापून ठेवलेली फळं, बाहेरचा उसाचा रस, कच्ची कोशिंबीर नको; केळं, संत्रं, चिकू धुऊन, घरी सोलून चालेल. तोंडाला लोखंडासारखी चव येत असेल तर स्टीलचा चमचा बदलून लाकडी किंवा प्लास्टिकचा द्या. साधी युक्ती आहे, पुष्कळांना उपयोगी पडते.

तोंड येणं थांबवता येईलच असं नाही, पण सौम्य ठेवता येतं. त्यासाठी फोड येण्याची वाट न बघता डोसाच्या दुसऱ्या दिवसापासून गुळण्या सुरू करायच्या. उकळून गार केलेलं एक लिटर पाणी, त्यात लहान चमचा मीठ आणि लहान चमचा खायचा सोडा. रोज नवीन करा. प्रत्येक खाण्यानंतर आणि झोपताना, दिवसातून पाच-सहा वेळा. बाजारातली झोंबणारी माउथवॉश नकोत, त्यांत अल्कोहोल असतं. दात घासायला लहान मुलांचा मऊ ब्रश. मशेरीची सवय असेल तर ती बंद. फोड आल्यावर सोलकढी, लिंबू, तिरफळ सगळं झोंबेल. थंड दूध, मऊ भात आणि निवळ चालेल. जिभेवर दह्याच्या कवड्यांसारखे पांढरे डाग दिसले तर ती बुरशी. तिला वेगळं औषध असतं, गुळण्यांनी ती जात नाही.

आत्याबाईंच्या काढ्याबद्दल स्पष्ट लिहितो. किराईत, गुळवेल, पपईच्या पानांचा रस, हळदीच्या कॅप्सूल यांतलं काहीही केमोच्या काळात डॉक्टरांना विचारल्याशिवाय द्यायचं नाही. डॉक्सोरुबिसिनचा निचरा यकृतातून होतो. गुळवेलीच्या काढ्याने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी भारतातल्याच डॉक्टरांनी केल्यात. यकृताचे आकडे बिघडले तर डोस पुढे ढकलावा किंवा कमी करावा लागतो, म्हणजे बळ यावं म्हणून दिलेलं औषध खऱ्या औषधाच्या आड येतं. पपईच्या पानांचा कच्चा रस तर जंतूंचाही धनी. आमटीतली हळद चालते, तिला कोणी हात लावत नाही. पण हे सगळं आत्याबाईंना तुम्ही ऐकवू नका, घरात नसतं भांडण होईल. "डॉक्टरांनी सगळे काढे लिहून बंद केलेत" एवढं यजमानांनी सांगावं, आणि त्याच श्वासात त्यांना काम द्यावं: "आत्या, सकाळची पेज तुझ्या हातची हवी." काढा द्यायला धडपडणाऱ्या माणसाला काहीतरी करायचं असतं. ते करायला मिळालं की काढा मागे पडतो.

तुमच्या पत्रात माणसं भरपूर आहेत, कामं मात्र सगळी एकटीकडे. "काही लागलं तर सांग" म्हणणाऱ्या नणंदेला खरंच काय करावं हे माहीत नसतं, आणि सांगायचं ओझं पुन्हा तुमच्यावरच पडतं. तिला नेमकं सांगा: हॉस्पिटलचे फोन, तपासण्यांच्या तारखा आणि नातेवाइकांना खबर, ही तिन्ही तुझी. दर रविवारी ग्रुपवर चार ओळी तिने टाकाव्यात, म्हणजे रोजचे वीस फोन थांबतील. जमलं तर डोसानंतरच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिने येऊन राहावं. पाहुण्यांची गर्दी पहिल्या दिवशी होते आणि गरज तिसऱ्या दिवशी असते, हे कुणाच्या ध्यानातच येत नाही.

मामंजींना वही द्या. सोप्यावर गप्प बसलेल्या माणसाला हातपाय बांधल्यासारखं झालेलं असतं. सकाळी सात आणि संध्याकाळी सात वाजता ताप मोजायचा, किती उलट्या, किती पेले पाणी, शौच झाली का, साखर किती, कुठली गोळी किती वाजता, सगळं तारीख आणि डोसाचा दिवस घालून लिहायचं. डोसाचा दिवस म्हणजे पहिला दिवस. भिंतीवरच्या कालनिर्णयावर दहा ते चौदा हे दिवस लाल पेनाने गोल करून ठेवा. पहिल्या डोसाचे पंधरा दिवस आठवून आत्ताच लिहून काढा. त्रास बहुतेकदा त्याच दिवसांना परत येतो, आणि डॉक्टरला "फार त्रास झाला" यापेक्षा "तिसऱ्या दिवशी सात उलट्या" जास्त कळतं. ते त्या आधारावर गोळ्या बदलतात.

तुम्ही स्वतः संध्याकाळी अर्धा तास त्यांच्याजवळ बसा, आणि तुमच्या तपासणीची तारीख कुठल्याही कारणाने चुकवू नका. यापेक्षा जास्त काम तुमच्या नावावर नको.

"पुढचा डोस नको" या वाक्याला लगेच "असं बोलू नये" म्हणून झाकण घालू नका. विचारा, "आई, सगळ्यात वाईट काय होतं?" बहुतेक वेळा उत्तर एकच, नेमकं असतं. उलटी, नाहीतर तोंडाची आग, नाहीतर रात्री न्हाणीकडे जाताना कोणीतरी बघतं याची लाज. त्यातलं बरंच काही औषध बदलून किंवा घरची सोय बदलून सुधारतं. तेच वाक्य डोसाआधी डॉक्टरांसमोर त्यांच्या तोंडून येऊ द्या; तुम्ही मध्ये बोलू नका. मळमळ वेळीच आटोक्यात आणण्याचं आणखी एक कारण आहे. दोन-तीन डोस वाईट गेले की वॉर्डच्या फिनेलचा वास आला, बांबोळीचा चढ लागला, तरी उलटी होते. ती सवय एकदा लागली की मोडायला कठीण. एवढं करूनही त्या नको म्हणाल्या तर डॉक्टरांकडून नीट समजून घ्या की थांबल्याने काय गमावतो आणि दुसरा पर्याय आहे का. शेवटचा शब्द त्यांचा. "धीर धर" आणि "अमकीच्या जावेला पण झालेलं, ती आता टुणटुणीत आहे" ही दोन वाक्यं घरात येणाऱ्यांना दारातच काढून ठेवायला सांगा.

थकव्याचं थोडक्यात: दिवसभर पडून राहिल्याने तो वाढतो. सकाळी उन्हं चढण्याआधी अंगणात दहा-पंधरा मिनिटं, कुणाचा तरी हात धरून चालणं. शेवाळलेल्या पायऱ्यांवर नाही.

केसांचं दुःख वरवरचं समजू नका. आपल्याकडे डोक्यावरचे केस उतरवण्याशी वैधव्याची आणि सुतकाची जुनी आठवण चिकटलेली आहे. नवरा समोर बसलेला असताना टक्कल बघणं त्या वयाच्या बाईला अशुभ वाटतं, आणि ते त्या कुणाला बोलून दाखवत नाहीत. पुंजके गळायला लागलेत म्हणजे आठवड्याभरात बहुतेक जातील. उशीवर रोज सकाळी केस बघण्यापेक्षा आत्ताच बारीक कापून घेतलेलं बरं. पण ते कोणी कापायचं ते त्या ठरवतील. वस्तरा नको, चिरलं तर जंतू शिरतात, ट्रिमर वापरा. मऊ सुती रुमाल, रात्री झोपतानाही, कारण टाळू हुळहुळी होते. रुमालाला अबोलीचा वळेसर टाचता येतो. कुंकू-टिकली चालते. भुवया-पापण्याही विरळ होतील, ते आधीच सांगून ठेवा. उपचार संपल्यावर एक ते तीन महिन्यांत नवे केस दिसू लागतात, सुरुवातीला कधी कुरळेही.

राहिली चवथ. तुमच्या तारखांवरून हिशोब केला तर तिसरा डोस चवथीच्या आठ दिवस आधी पडतो. म्हणजे चवथ नववा दिवस, पाचव्या दिवशीचं विसर्जन तेरावा दिवस. जवळजवळ पाचही दिवस पेशी तळाला असतानाचे. त्यासाठी डोस आपल्या मनाने पुढे ढकलू नका. वेळापत्रक पाळण्याला औषधाइतकंच महत्त्व आहे. डॉक्टरांना या भेटीतच विचारा. दोन-चार दिवस इकडेतिकडे करता येण्यासारखं असेल तर ते सांगतील, नसेल तर तारीख पक्की समजा आणि मूळ घरातल्यांना आत्तापासून कळवा.

सासूबाईंना गणपतीपासून तोडू नका, गर्दीपासून तोडा. मूळ घरात त्यांच्यासाठी खिडकीची एक खोली आणि वेगळा शौचालय ठेवता आला तर उत्तम. नाही तर राहायला आपल्याच घरी आणि दर्शनाला पहाटे, पाहुणे उठायच्या आत. आरतीच्या वेळी माणसं दाटीवाटीने तोंड उघडून गात असतात, घुमटं वाजत असतात. तेव्हा त्यांनी बाहेर सोप्यावर, मोकळ्या हवेत, मास्क लावून बसावं. आरती तिथेही ऐकू येते. फटाक्यांचा धूर लागेल तिथे नको. भेटायला एका वेळी दोघं-तिघं, दहा मिनिटं, हात धुऊन. मुंबईहून गाडीतून शिंकत आलेल्या दिराला मायेने पण ठामपणे दूर बसवा. माटोळीची (गणपतीवर बांधतात त्या फळापानांच्या छताची) फळं, रानातली पानं-वेली धुणं-बांधणं या वर्षी दुसऱ्यांनी करावं. मातीतले जंतू आणि बुरशी त्यांच्या हाताला नकोत. कुठलं फळ कुठे बांधायचं ते मात्र त्यांनी खुर्चीत बसून सांगावं. इतकी वर्षं त्यांनीच सांगितलं असणार.

नैवेद्याच्या ताटातलं जे वाफाळतं आहे ते चालेल. पातोळ्या उकडलेल्या असतात, त्या काढल्या काढल्या एक-दोन द्या. साखर त्या दिवशी मोजाच. खतखतं मऊ असतं, पण तोंड आलेलं असेल तर तिरफळ घालण्याआधी एक वाटी बाजूला काढा. दुपारपर्यंत झाकून ठेवलेलं पंचखाद्य, कच्चं पंचामृत, शेजाऱ्यांकडून आलेला प्रसाद हातात घेऊन कपाळाला लावावा आणि तुमच्या हातात द्यावा. थर्मामीटर आणि फाइल मूळ घरी जाताना मामंजींच्या पिशवीत असू द्या. त्या पाच दिवसांत गाडी चालवणाऱ्या एका माणसाने फेणीला हात लावायचा नाही, तो कोण हे आधीच ठरवा.